प्लेटमागील पंच : उभे राहण्याची पद्धत, शरीरसंरक्षण आणि निर्णय यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मराठी समाजात 'पंच' हा शब्द मैदानी खेळांपेक्षा पुष्कळ जुना आहे. गावातील तंटा पाच जाणत्या माणसांपुढे मांडावा आणि त्यांनी दिलेला निवाडा उभय पक्षांनी मान्य करावा, ही रीत 'पाचामुखी परमेश्वर' या म्हणीत साठवली गेली आहे. आधुनिक खेळ महाराष्ट्रात रुजले तेव्हा मैदानावरील निर्णायकासाठी मराठीने हाच शब्द स्वीकारला आणि पंचाचा निर्णय अंतिम असतो ही भावनाही त्याबरोबर आली. चावडीवरील पंच तंट्याच्या बाहेर बसलेला असे. कबड्डी व खो-खो या खेळांतही पंच रेषेच्या बाहेरून खेळ पाहतो. बेसबॉल आणि सॉफ्टबॉल या खेळांत मात्र मुख्य पंच कॅचरच्या पाठीमागे, म्हणजे पिचरने फेकलेल्या चेंडूच्या थेट मार्गात उभा असतो. ज्या चेंडूविषयी निर्णय द्यावयाचा, तोच चेंडू त्याच्या अंगावर येण्याची शक्यता प्रत्येक फेकीला असते.

या पंचाने कसे उभे राहावे आणि भरकटलेल्या चेंडूपासून शरीर कसे वाचवावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ तांत्रिक वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. निर्णय देणाऱ्या माणसाच्या शरीराची काळजी खेळाडूंच्या मानाने फार उशिरा घेतली गेली आणि संरक्षणाचे साधन बदलले की पंचाची नजर व त्याचा निर्णयही बदलला, या दोन गोष्टी त्या इतिहासातून दिसून येतात.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी या सहा तालुक्यांच्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. राज्याच्या शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये बेसबॉल व सॉफ्टबॉल या खेळांचा समावेश असल्याने इतर जिल्ह्यांप्रमाणे येथील शाळा, आश्रमशाळा व महाविद्यालये यांच्याही क्रीडाशिक्षकांचा या खेळांशी संबंध येतो. मोठ्या स्पर्धांतील व्यावसायिक पंचासाठी जे नियम शतकभरात घडत गेले, तेच नियम शालेय मैदानावर पंच म्हणून उभ्या राहणाऱ्या शिक्षकालाही उपयोगी आहेत. या दृष्टीने प्रस्तुत शोधनिबंधाची मांडणी केली आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. बेसबॉलमधील प्लेटमागील पंचाच्या स्थानाचा व संरक्षण-साधनांचा ऐतिहासिक विकास अभ्यासणे.
२. उभे राहण्याच्या निरनिराळ्या पद्धती आणि निर्णयाची अचूकता यांतील संबंध स्पष्ट करणे.
३. भारतातील व मराठी भाषकांच्या परिचयाच्या क्रिकेट या खेळातील पंचांच्या दुखापतींशी त्याची तुलना करणे.
४. नंदुरबारसारख्या जिल्ह्यातील शालेय मैदानांच्या संदर्भात या इतिहासाचे उपयोजन तपासणे.

अभ्यासपद्धती व व्याप्ती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. बेसबॉलचा नियमविकास प्रामुख्याने अमेरिकेत झाल्यामुळे साधनांचा इतिहास तेथील आहे. तुलनेसाठी क्रिकेटमधील १९७८ नंतरच्या घटना विचारात घेतल्या आहेत.

सुरुवातीचा काळ : बाजूला उभा असलेला पंच

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास न्यूयॉर्क परिसरातील मंडळांनी बेसबॉलला नियमबद्ध रूप दिले. निकरबॉकर मंडळाचे नियम १८४५ चे आहेत. त्या काळी पिचर चेंडू खालच्या हाताने, बॅटरला मारता यावा अशा बेताने टाकत असे. पंच हा गावातील प्रतिष्ठित गृहस्थ असून तो बाजूला उभा राहून किंवा खुर्चीवर बसून वाद उद्भवल्यासच मत देत असे. त्याचे स्थान चावडीवरील पंचासारखेच होते.

हे स्थान बदलण्यास दोन गोष्टी कारणीभूत झाल्या. १८५८ मध्ये बॅटरने चांगला चेंडू न मारता सोडला तर 'स्ट्राइक' देण्याचा अधिकार पंचाला मिळाला. पुढे वाईट फेकींसाठी 'बॉल' देण्याची पद्धतही आली. त्यामुळे पंचाला केवळ वादाच्या वेळी न बोलता प्रत्येक फेकीवर निर्णय देणे भाग पडले. दुसरी गोष्ट वेगाची होती. १८८४ मध्ये नॅशनल लीगने खांद्यावरून चेंडू फेकण्यास परवानगी दिली आणि १८९३ मध्ये फेकीचे अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे सुमारे १८.४४ मीटर असे निश्चित झाले. हे अंतर आजही कायम आहे. चेंडू होम प्लेटवरून गेला की बाजूने, गुडघ्याच्या वर होता की खाली, हे ठरविण्यासाठी पंचाला कॅचरच्या मागे येणे आवश्यक झाले. अशा रीतीने निर्णयाची गरज पंचाला धोक्याच्या रेषेत घेऊन आली.

एका सामन्यास एकच पंच असण्याचा तो काळ होता. बेसवर धावपटू असल्यास अनेक पंच पिचरच्या मागे उभे राहत. तेथून बेसवरील हालचालीही दिसत आणि फेकीचा मारही टळत असे. एका पंचाने सर्व काही पाहावयाचे ही स्थिती हळूहळू बदलली. अमेरिकेच्या प्रमुख लीगमध्ये नियमित सामन्यांसाठी चार पंचांची पद्धत १९५२ मध्ये स्थिरावली. त्यानंतर प्लेटमागील पंचाला प्रत्येक फेकीकडे पूर्ण लक्ष देणे शक्य झाले.

संरक्षण-साधनांचा विकास : प्रथम खेळाडू, नंतर पंच

संरक्षणाची साधने प्रथम कॅचरसाठी निर्माण झाली. हार्वर्ड विद्यापीठाच्या संघातील फ्रेड थेअर याने तलवारबाजीच्या जाळीवरून कल्पना घेऊन तोंडावरील मास्क तयार करविला आणि १८७८ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. आरंभी प्रेक्षकांनी या 'पिंजऱ्या'ची थट्टा केली. चेंडूला घाबरणे हे कमीपणाचे लक्षण मानले जात असल्यामुळे साधन वापरणाऱ्याला टीका सहन करावी लागे. १९०७ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सचा कॅचर रॉजर ब्रेस्नाहन याने क्रिकेटच्या पॅडसारखे लेग गार्ड उघडपणे बांधले तेव्हाही हाच अनुभव आला.

गळ्याच्या संरक्षणाला त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षे लागली. सप्टेंबर १९७६ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सचा कॅचर स्टीव्ह येगर आपल्या फलंदाजीची वाट पाहत उभा असताना सहकाऱ्याच्या तुटलेल्या बॅटचे तुकडे त्याच्या मानेत घुसले. तो बचावला. त्यानंतर संघाचे प्रशिक्षक-उपचारक बिल ब्युलर यांनी मास्कच्या खाली लोंबणारी गळापट्टी तयार केली. कॅचरबरोबर पंचांनीही ती स्वीकारली. आज साध्या दिसणाऱ्या या पट्टीमागे एक अपघात आहे. संरक्षण-साधनांचा इतिहास बव्हंशी असाच घडलेला दिसतो. धोका आधीपासून असतो, पण साधन अपघातानंतर येते.

छातीरक्षक आणि बदललेला निर्णय

पंचाच्या इतिहासातील सर्वांत उद्बोधक प्रकरण छातीरक्षकाचे आहे. अमेरिकेतील नॅशनल लीग व अमेरिकन लीग या दोन प्रमुख संघटनांच्या पंचांनी विसाव्या शतकात दीर्घकाळ दोन भिन्न साधने वापरली.

नॅशनल लीगमध्ये बिल क्लेम यांचा प्रभाव मोठा होता. १९०५ ते १९४१ या काळात त्यांनी पंच म्हणून काम केले आणि १८ वर्ल्ड सिरीजमध्ये पंचगिरी केली. १९५३ मध्ये टॉमी कॉनोली यांच्याबरोबर त्यांना बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. हा मान मिळविणारे हे पहिले दोन पंच होत. क्लेम कोटाच्या आत बांधावयाचा, घट्ट बसणारा छातीरक्षक वापरीत आणि त्याचा पुरस्कार करीत. दोन्ही हात मोकळे राहिल्यामुळे पंचाला खाली वाकता येई आणि कॅचर व बॅटर यांच्यामधील फटीतून चेंडू पाहता येई. पंचांच्या परिभाषेत या जागेला 'स्लॉट' म्हणतात.

अमेरिकन लीगमध्ये मात्र हवेने भरलेला, उशीसारखा मोठा छातीरक्षक कोटाच्या बाहेर, हातांनी धरून वापरण्याची पद्धत होती. ढालीप्रमाणे तो पंचाचे छाती-पोट पूर्ण झाकत असे आणि त्याच्या आड हातही सुरक्षित राहत. पण तो धरून फार खाली वाकता येत नसे. त्यामुळे पंच कॅचरच्या डोक्यावरून सरळ समोर पाहत असे.

याचा परिणाम निर्णयावर झाला. वरून पाहणाऱ्या पंचाला प्लेटच्या दोन्ही कडा सारख्या दिसत, पण गुडघ्याजवळचा चेंडू नीट दिसत नसे. फटीतून पाहणाऱ्या पंचाला खालचा व बॅटरच्या जवळचा चेंडू स्पष्ट दिसे, पण दूरच्या कडेचा अंदाज बांधणे अवघड जाई. नॅशनल लीगमध्ये खालचे चेंडू स्ट्राइक ठरतात आणि अमेरिकन लीगमध्ये वरचे, अशी समजूत खेळाडू व जाणकार यांच्यात अनेक दशके रूढ होती. नियमपुस्तकातील स्ट्राइक झोन दोन्हीकडे एकच होता. फरक पंचाच्या अंगावरील साधनाचा होता. साधनाने शरीराची ठेवण ठरविली, त्या ठेवणीने नजरेची उंची ठरविली आणि नजरेने निर्णय ठरविला.

१९७७ पासून अमेरिकन लीगमध्ये नव्याने येणाऱ्या पंचांना आतला छातीरक्षक वापरणे बंधनकारक झाले. आधीच्या पंचांना जुने साधन ठेवण्याची मुभा होती. बाहेरचा छातीरक्षक वापरणारे शेवटचे पंच जेरी न्यूडेकर १९८५ मध्ये निवृत्त झाले आणि ती ढाल इतिहासजमा झाली. २००० मध्ये दोन्ही लीगचे पंच एकाच व्यवस्थेखाली आले. आतल्या साधनाने चेंडू जवळून दिसू लागला, पण हात, दंड व खांदे उघडे पडले. अधिक चांगल्या नजरेची किंमत शरीराने मोजली.

उभे राहण्याच्या पद्धती

चेंडूपासून बचाव करण्यासाठी पंचाने अंग चुकवावे, असे सामान्य प्रेक्षकाला वाटते. साधे गणित केल्यास ही कल्पना टिकत नाही. ताशी १४५ किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला सुमारे ४० मीटर अंतर कापतो. बॅटला निसटता लागून दिशा बदललेल्या चेंडूला बॅटपासून पंचाच्या मास्कपर्यंतचे सव्वा मीटरच्या आसपासचे अंतर कापण्यास सेकंदाचे सुमारे तीन शतांश पुरतात. दिसलेल्या गोष्टीला प्रतिसाद देण्यास मनुष्याला साधारण दोन दशांश सेकंद लागतात. म्हणजेच चेंडू निसटल्यानंतर चुकविणे शक्यच नसते. पंचाचा बचाव चेंडू फेकण्यापूर्वी घेतलेल्या जागेत आणि ठेवणीत असतो.

या दृष्टीने चार पद्धती प्रचलित झाल्या. पहिली चौरस पद्धत होय. यात पंच दोन्ही पाय खांद्यांच्या रुंदीपेक्षा थोडे अधिक फाकवून, गुडघे वाकवून समोर तोंड करून उभा राहतो. दुसऱ्या पद्धतीत बॅटरच्या बाजूचे पाऊल थोडे पुढे असते आणि मागील पायाचा चवडा पुढील पायाच्या टाचेच्या रेषेत येतो. स्लॉटमधून पाहण्यास ही पद्धत सोयीची आहे. शिकाऊ पंचांना बहुधा या दोन पद्धतींनीच सुरुवात करावयास सांगतात.

तिसरी कात्री पद्धत. एक पाय पुढे वाकवून दुसरा मागे लांब ताणला जातो आणि धड पुढे झुकते. डोके खाली व चेंडूच्या जवळ गेल्याने दृष्टी उत्तम मिळते. पण मास्कवर आघात झाल्यास शरीराला मागे सरकून धक्का जिरविण्यास वाव राहत नाही आणि सर्व भार मान व पाठ यांवर येतो. त्यामुळे अनेक प्रशिक्षक ही पद्धत टाळण्याचा सल्ला देतात.

चौथी पद्धत १९८२ ते २०२१ या काळात प्रमुख लीगमध्ये काम केलेल्या गेरी डेव्हिस यांच्या नावाने ओळखली जाते. पंच कॅचरपासून थोडा अधिक मागे राहून, पाय रुंद ठेवून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून स्थिर होतो. हातांच्या तिवईमुळे डोक्याची उंची प्रत्येक फेकीला एकच राहते. अंतर वाढल्याने निसटत्या चेंडूंचा काही भाग टळतो. तथापि हात पुढे असल्याने ते चेंडूच्या मार्गात येऊ शकतात.

सर्व पद्धतींना समान असणारे नियम थोडेच आहेत. मास्कचा पुढचा भाग चेंडूकडेच असावा. भीतीने मान वळविली तर कान, जबडा व मानेची बाजू उघडी पडते. हनुवटी किंचित आत असावी, म्हणजे गळापट्टी आपले काम करते. कोपरे अंगालगत असावीत. मोकळा हात कॅचरच्या आड किंवा मांडीवर, अंगठा आत घेऊन ठेवावा, कारण उघड्या बोटांना इजा लवकर होते. चेंडू बॅटरजवळ येईपर्यंत डोके स्थिर ठेवून केवळ डोळ्यांनी त्याचा माग घ्यावा. डोके हलले की निर्णय चुकतो आणि संरक्षणही ढळते. निर्णयाची शिस्त आणि संरक्षणाची शिस्त येथे एकरूप होतात.

पंचाचे पहिले संरक्षण मात्र कोणत्याही गार्डपेक्षा कॅचर हेच आहे. पिचर व कॅचर यांच्या खुणांत गोंधळ झाला आणि कॅचरने अपेक्षिलेल्या चेंडूऐवजी वेगळाच चेंडू आला, तर तो थेट पंचावर येतो. एप्रिल २००८ मध्ये लॉस एंजेलिस येथे पंच केर्विन डॅन्ली यांच्या जबड्याला वेगवान चेंडू लागला आणि त्यांना स्ट्रेचरवरून न्यावे लागले. मास्क असूनही मेंदूला हादरा बसू शकतो, याची जाणीव अशा घटनांनी तीव्र झाली. १९९६ मध्ये कॅचर चार्ली ओब्रायन याने हॉकीच्या गोलरक्षकासारखे, डोके सर्व बाजूंनी झाकणारे शिरस्त्राण प्रमुख लीगमध्ये आणले होते. पंचांपैकी काहींनी ते स्वीकारले. इतरांच्या मते जुना मास्क आघाताने डोक्यावरून निसटतो आणि निसटताना धक्क्याचा काही भाग सोबत नेतो. हा वाद पूर्णपणे मिटलेला नाही.

क्रिकेटमधील पंच : मराठी माणसाच्या परिचयाची बाजू

महाराष्ट्राच्या वाचकाला पंचाच्या शरीराचा प्रश्न क्रिकेटमधून अधिक जवळचा वाटतो. फलंदाजाच्या डोक्याचे संरक्षण १९७७-७८ च्या सुमारास रूढ होऊ लागले. मार्च १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियाचा ग्रॅहम यॅलप ब्रिजटाऊन येथे हेल्मेट घालून कसोटी खेळला. मुंबईच्या सुनील गावसकर यांनी वेगवान गोलंदाजी दीर्घकाळ हेल्मेटशिवाय खेळून काढली आणि कारकिर्दीच्या उत्तरार्धात केवळ कपाळ व कानशिले झाकणारी टोपी वापरली. फलंदाजाच्या बाबतीत धैर्य आणि संरक्षण यांचा वाद असा उघडपणे झाला. पंचाच्या बाबतीत तो वाद अनेक दशके झालाच नाही.

२५ नोव्हेंबर २०१४ रोजी सिडनी येथे फिलिप ह्यूज यांच्या मानेवर चेंडू लागला आणि २७ नोव्हेंबरला त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर दोनच दिवसांनी इस्राएलमधील अश्दोद येथे एका सामन्यात फलंदाजाने मारलेला चेंडू यष्टींवर आपटून उसळला आणि पंच हिलेल ऑस्कर यांना लागला. त्यातच त्यांचा अंत झाला. ते ५५ वर्षांचे होते आणि इस्राएलच्या राष्ट्रीय संघाचे माजी कर्णधार होते. त्यांचे आडनाव अवस्कर असेही लिहिले जाते. कोकणातील बेने इस्राएल समाजात गावावरून पडलेल्या आडनावांची जुनी परंपरा आहे आणि हे आडनाव अलिबागजवळील आवास गावाची आठवण देते. इस्राएलमधील क्रिकेट भारतातून गेलेल्या कुटुंबांनी मोठ्या प्रमाणात जोपासले आणि त्यांत मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएलांचा वाटा लक्षणीय आहे. ह्यूज यांच्या निधनाने सारे क्रीडाजगत हळहळले. पंचाच्या मृत्यूची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली.

हा मृत्यू अपवादात्मक नव्हता. २००९ मध्ये वेल्समध्ये अ‍ॅल्क्विन जेन्किन्स यांचा क्षेत्ररक्षकाने फेकलेला चेंडू डोक्याला लागून मृत्यू झाला होता. २०१९ मध्ये वेल्समध्येच जॉन विल्यम्स हे ८० वर्षांचे पंच सामन्यात चेंडू लागल्यानंतर काही आठवड्यांनी मरण पावले.

भारतीय मैदानांवरही घटना घडल्या. डिसेंबर २०१५ मध्ये डिंडीगुल येथे तामिळनाडू व पंजाब यांच्यातील रणजी सामन्यात ऑस्ट्रेलियाचे पंच जॉन वॉर्ड यांच्या डोक्याला समोर मारलेला चेंडू लागला. जानेवारी २०१६ मध्ये कॅनबेरा येथील भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामन्यात ते हेल्मेट घालून उभे राहिले. भारतात मुंबईचे पंच पश्चिम पाठक यांनी त्याच मोसमात देशांतर्गत सामन्यात हेल्मेट वापरले. २०१६ मध्येच ब्रूस ऑक्सनफर्ड आयपीएलमध्ये हातावर पारदर्शक ढाल बांधून उतरले. अमेरिकन लीगची बाहेरची ढाल १९८५ मध्ये लोप पावली होती. तीस वर्षांनंतर तिचे लहान रूप वेगळ्या खेळात पुन्हा अवतरले, असे म्हणता येईल. फलंदाजाचे हेल्मेट आणि पंचाचे हेल्मेट यांत सुमारे अडतीस वर्षांचे अंतर पडले.

डिसेंबर २०१६ मध्ये वानखेडे स्टेडियमवर भारत-इंग्लंड कसोटीच्या पहिल्या दिवशी स्क्वेअर लेगला उभे असलेले पंच पॉल रायफेल यांच्या डोक्याच्या मागील बाजूस क्षेत्ररक्षकाने फेकलेला चेंडू लागला. त्यांना मैदान सोडावे लागले आणि मराय इरॅस्मस यांनी त्यांची जागा घेतली. पंचाची पाठ चेंडूकडे असणे हीच या प्रसंगातील धोक्याची बाब होती. प्लेटमागील पंचाला शिकविला जाणारा 'तोंड चेंडूकडे' हा नियम क्रिकेटमध्येही तितकाच लागू पडतो.

शालेय मैदान आणि नंदुरबार जिल्ह्याचा संदर्भ

शालेय स्तरावर वेग कमी असतो, म्हणून धोका नाही असे मानले जाते. हा समज तपासून पाहणे आवश्यक आहे. सॉफ्टबॉलच्या मोठ्या चेंडूचे वजन १७८ ते १९८ ग्रॅम असते, तर बेसबॉलचे सुमारे १४२ ते १४९ ग्रॅम. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये फेकीचे अंतर १३.११ मीटर आहे. १९० ग्रॅमचा चेंडू ताशी ८० किलोमीटर वेगाने आला तरी त्याची गतिज ऊर्जा सुमारे ४७ ज्यूल होते. एक किलोचे वजन सुमारे पावणेपाच मीटर उंचीवरून पडावे, तेवढी ही ऊर्जा आहे. असा आघात उघड्या गळ्यावर किंवा कानशिलावर झाल्यास तो किरकोळ म्हणता येणार नाही. शिवाय शिकाऊ पिचरचे चेंडू अधिक भरकटतात आणि शिकाऊ कॅचर ते कमी अडवितो. वेग कमी असला तरी चेंडू पंचापर्यंत पोहोचण्याची शक्यता शालेय सामन्यात वाढते.

साहित्याची खरेदी करताना शाळा प्रथम बॅट, ग्लोव्ह व चेंडू यांचा विचार करते, नंतर कॅचरच्या गार्डचा. पंचासाठी वेगळा मास्क व छातीरक्षक हा विषय सर्वांत शेवटी येतो. प्रमुख लीगच्या इतिहासातही हाच क्रम दिसतो, त्यामुळे तो केवळ निधीच्या कमतरतेने निर्माण झाला असे म्हणता येत नाही. सातपुड्यातील धडगाव-अक्कलकुव्याच्या आश्रमशाळेत असो वा नंदुरबार शहरातील महाविद्यालयात, मैदानावर पंच म्हणून उभा राहणारा क्रीडाशिक्षक स्वतःच्या इजेचा विचार शेवटी करतो. त्याला दुखापत झाल्यास त्याच्या भरवशावर मैदानात उतरलेल्या मुलांकडे पाहणारेही कोणी उरत नाही.

ऐतिहासिक विवेचनातून शालेय स्तरासाठी पुढील सूचना निष्पन्न होतात. पंचासाठी मास्क, गळापट्टी, आतला छातीरक्षक, लेग गार्ड व जांघेचे गार्ड असल्याशिवाय त्याने प्लेटमागे उभे राहू नये. साहित्य नसेल तर पिचरच्या मागून निर्णय द्यावा. एकोणिसाव्या शतकातील पंचांनी ही जागा वापरली होती आणि तीत कोणताही कमीपणा नाही. साहित्य असल्यास चौरस पद्धतीने आरंभ करावा आणि कात्री पद्धत टाळावी. सामन्यापूर्वी कॅचरशी बोलून त्याची बसण्याची जागा समजून घ्यावी. मास्कवर जोराचा आघात झाल्यास, वेदना नसली तरी, खेळ थांबवून चक्कर, मळमळ किंवा धूसर दिसणे यांची चौकशी करावी. लक्षण आढळल्यास त्या दिवशी पुन्हा उभे राहू नये आणि वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

समारोप

प्लेटमागील पंचाचा इतिहास हा निर्णयाच्या गरजेने धोक्यात आलेल्या माणसाचा इतिहास आहे. स्ट्राइक देण्याच्या अधिकाराने त्याला बाजूच्या खुर्चीवरून उठविले आणि वेगाने त्याला साधने घेण्यास भाग पाडले. पुढे या साधनांनी त्याची नजर व निर्णय घडविले. एकाच नियमपुस्तकाखाली दोन लीगमध्ये दोन प्रकारचे स्ट्राइक झोन नांदले, याचे एक कारण पंचाच्या छातीवर होते. म्हणून पंचाच्या संरक्षणाचा विचार हा त्याच्यावरील उपकार मानता येत नाही. तो न्याय्य निर्णयाचा भाग आहे, कारण चेंडूच्या भीतीने डोळे मिटणारा पंच खेळाडूंना न्याय देऊ शकत नाही.

अलीकडच्या घडामोडींनी या विचाराला वेगळे वळण दिले आहे. दक्षिण कोरियाच्या लीगने २०२४ पासून बॉल व स्ट्राइक यांचा निर्णय यंत्राकडे सोपविला. अमेरिकेच्या प्रमुख लीगने २०२६ च्या मोसमापासून यंत्राकडे दाद मागण्याची पद्धत स्वीकारण्याचे सप्टेंबर २०२५ मध्ये ठरविले. कोरियात पंचाला निर्णय कानातील यंत्रातून ऐकू येतो आणि तो केवळ उच्चारतो, तरीही तो पूर्वीच्याच जागी, कॅचरच्या मागे, मास्क लावून उभा असतो. निर्णयाचा अधिकार यंत्राकडे गेला तरी चेंडूचा मार पंचाच्याच वाट्याला राहिला आहे. जोपर्यंत मैदानावर माणूस उभा आहे, तोपर्यंत त्याच्या शरीराची जबाबदारी खेळावर राहील. ज्या मैदानांवर कोणतेही यंत्र नाही आणि पंच म्हणून शाळेचा शिक्षक उभा आहे, तेथे ही जबाबदारी सर्वांत मोठी आहे.